‘माझे वडील’ हा निबंध मी का बंद केला

आजचा भाग मुख्यतः शिक्षकांसाठी आहे, पण पालकांनीही ऐका. म्हणजे, इथे वाचा!

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाचवीला शिकवत होतो. एकदा नेहमीचाच निबंध दिला, ‘माझे वडील’. एका मुलानं शीर्षक लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही मिटली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, आळस आला का?" पुढचे तीन दिवस तो शाळेत आला नाही. त्याच्या वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी आत्महत्या केली होती. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी विसरलो.

२००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे होते, त्यांत वर्धा एक. तेव्हापासून कर्ज, कापसाचा भाव, सिंचन यांवर भरपूर बोललं गेलं. घराला १ लाखाची सरकारी मदत मिळते, पण प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. आता हा शब्द मुलाच्या कानावर कसा पडतो बघा. "तुह्या बापाचं अपात्र झालं म्हणे." लोक पोरांसमोरच बोलतात हो.

लहान मूल मोठ्या माणसासारखं दुःख सांगत बसत नाही. त्याचं शरीर सांगतं. धोका टळलाय यावर मेंदूचा विश्वासच बसत नाही, म्हणून ते सतत सावध राहतं. दार आपटलं की दचकतं, रात्री झोपत नाही, मग वर्गात पेंगतं. आपण म्हणतो, लक्ष नाही. याच मुलानं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारामारी केली. त्याचा लाकडी बैल दरवर्षी वडील सजवायचे, हे त्याच्या आजीनं मला नंतर सांगितलं. मी तर शिक्षा ठरवून बसलो होतो.

मग मी काय बदललं? फार काही नाही. त्याची जागा रोज तीच ठेवली. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचो. झाडांना पाणी घालायचं काम त्याला दिलं, आणि तेव्हा मी नुसता शेजारी उभा राहायचो. प्रश्न नाही विचारायचे. दुसऱ्या शिक्षकांना एकच विनंती केली: "आता तूच घरातला कर्ता" असं कुणी म्हणू नका. दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर घर कशाला ठेवायचं?

पण शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. मूल मरणाबद्दल बोलू लागलं, आठवडेच्या आठवडे जेवण-झोप बिघडली, तर थांबू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसचा क्रमांक १४४१६, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दोन्ही मोफत. घरच्यांना "वेड्यांचा डॉक्टर" वाटतं, तेव्हा पहिल्या खेपेला शक्य असेल तर सोबत जा.

निबंधाचा विषय मी बदलला: ‘माझ्या जवळचं माणूस’. त्या मुलानं आजीवर दीड पान लिहिलं, त्यातलं अर्धं तिच्या भाकरीबद्दल होतं.