अंधारयुगाचा शेवट कोणी केला?

विश्वाच्या आरंभी प्रकाश होता, मग अंधार झाला आणि कालांतराने पुन्हा उजाडले. आधुनिक विश्वशास्त्राने सांगितलेल्या या कथेचा तिसरा अंक अद्याप पुरता उलगडलेला नाही. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवले की, सुटे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू बनले. तारे अजून जन्मावयाचे होते. या काळाला शास्त्रज्ञ ‘अंधारयुग’ म्हणतात. परंतु विश्वाचे वय सुमारे १०० कोटी वर्षे होईतो दीर्घिकांमधल्या अवकाशातील जवळजवळ सर्व हायड्रोजन अणू पुन्हा फुटलेले होते. ते कोणी फोडले?

संशय अर्थातच तरुण ताऱ्यांवर आहे. अतितप्त ताऱ्यांतून निघणारे, ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन हुसकावून लावतात. मात्र तारे जन्मतात ते वायूच्या दाट ढगांत, आणि तोच वायू हे किरण गिळून टाकतो. पगार किती यापेक्षा महिनाअखेर शिल्लक किती, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबाला जसा जिव्हाळ्याचा, तसाच येथेही आहे. दीर्घिकेत किरण किती निर्माण झाले यापेक्षा तिच्या बाहेर किती निसटले, यावर सारा हिशेब अवलंबून आहे.

ही शिल्लक आदिकाळातील दीर्घिकांच्या बाबतीत थेट मोजता येत नाही. त्यांच्यापासून निघालेले हे किरण वाटेतील हायड्रोजनमध्येच विरतात, आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून त्यांच्याशी साम्य असलेल्या, परंतु त्या मानाने जवळच्या दीर्घिका धुंडाळाव्या लागतात.

या शोधात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचा वाटा मोलाचा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावर अतिनील किरणांची दुर्बीण आहे. हे किरण पृथ्वीच्या वातावरणात अडत असल्याने दुर्बीण अंतराळात नेण्यावाचून गत्यंतर नसते. तिच्या आरशाचा व्यास अवघा ३७.५ सेंटिमीटर, म्हणजे एक हातही भरत नाही. ‘हबल’चा आरसा २.४ मीटरचा. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्यावर २८ तासांहून अधिक काळ रोखलेल्या या दुर्बिणीला ‘एयूडीएफएस ०१’ या दीर्घिकेचे, मुळात सुमारे ६० नॅनोमीटर तरंगलांबीचे, किरण टिपता आले. ‘हबल’ला हे साधले नव्हते. भारतीय दुर्बिणीच्या शोधकातील पार्श्वभूमीचा गोंगाट फारच कमी असल्याने क्षीण संकेत त्यात बुडाला नाही. यंत्राच्या आकारानेच दबून जाण्याची सवय लागलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याहून लक्षणीय आहे तो पुढचा संयम. हा प्रकाश खरोखरच त्या दीर्घिकेचा की शेजारच्या एखाद्या ज्योतीचा, याची छाननी करण्यात कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ दोन वर्षे घालविली. निष्कर्ष ऑगस्ट २०२० मध्ये ‘नेचर अॅस्ट्रॉनॉमी’त प्रसिद्ध झाला. या दीर्घिकेतून असे किमान २० टक्के किरण बाहेर निसटत असल्याचे त्यात आढळले. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास ९३० कोटी वर्षे लागली. अंतराच्या दृष्टीने हा काही विक्रम नव्हे; अंधारयुग त्याच्या कितीतरी आधीचे. या शोधाचे महत्त्व किरणांच्या जातीत आहे. अर्थात एका दीर्घिकेवरून साऱ्यांचा हिशेब मांडणे धाडसाचे ठरेल.

दूरच्या टोकाकडूनही आता काही बातमी येऊ लागली आहे. अणू फोडणारे किरण तेथून येत नसले, तरी उत्तेजित हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची ‘लायमन-आल्फा’ ही रेषा कधीकधी निभावून येते. अखंड हायड्रोजन तिलाही चहूकडे विखरून टाकतो. म्हणून ती दिसली तर त्या दीर्घिकेभोवतीचे धुके विरळ झाले असले पाहिजे, असे अनुमान निघते. मार्च २०२५ मध्ये जोरिस विटस्टॉक व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले की, ‘जेम्स वेब’ दुर्बिणीने महास्फोटानंतर अवघ्या ३३ कोटी वर्षांनी अस्तित्वात असलेल्या दीर्घिकेतून ही रेषा टिपली आहे. विश्वाच्या प्रसरणामुळे ती चौदापट ताणली जाऊन अवरक्त झालेली होती. इतक्या लवकर, दाट धुक्याच्या ऐन मध्यावर ती दिसावी, ही अपेक्षा कोणी केलेली नव्हती.

तेथे नेहमीपेक्षा कितीतरी विशाल व तप्त तारे असावेत, किंवा वायू गिळणारे एखादे महाकाय कृष्णविवर असावे, असे दोन तर्क पुढे आले आहेत. दुसरा खरा ठरला, तर विश्व उजळण्याचे सारे श्रेय ताऱ्यांच्या पदरात टाकण्यापूर्वी शास्त्रज्ञांना खातेवही पुन्हा तपासावी लागेल.