गंज चढवताना

घरातला गंज घालवण्यात आपला निम्मा जन्म जातो. पावसाळा आला की तव्याला तेलाचा हात, विळी वापरली की लगेच कोरडी पुसायची, गॅलरीच्या ग्रिलला दर दोन-तीन वर्षांनी रेडऑक्साइड. आणि मी मात्र गेले चार महिने डायनिंग टेबलाचा एक कोपरा अडवून एका वस्तूला मुद्दाम गंज चढवतेय! वस्तू म्हणजे प्लास्टिकचा रणगाडा. खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा. म्हणजे तोफेची नळी सोडली तर जेमतेम सतरा-अठरा सेंटिमीटर.

या प्रकाराला डायोरामा म्हणतात. नाव परकं वाटलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. दिवाळीत अंगणात मुलं दगडमातीचा किल्ला करतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात, पायऱ्यांवर मावळे उभे करतात, तो डायोरामाच की! फरक इतकाच, की किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणी बोलत नाही. इथे माणूस, दगड, गवत, सगळं एकाच मापात हवं.

मी निवडलं लोंगेवाला. १९९७ सालच्या ‘बॉर्डर’ सिनेमामुळे हे नाव घराघरांत पोचलं. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. जैसलमेरच्या वाळवंटातली एक चौकी, तिथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची एक कंपनी, आणि समोरून येणारे पाकिस्तानी रणगाडे. आपल्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून पहाटेपर्यंत चौकी टिकवणं भाग होतं. ती टिकली. उजाडल्यावर विमानं आली आणि वाळूत रुतलेले रणगाडे उघड्यावर सापडले. त्यांतले बरेचसे टी-५९, म्हणजे रशियन टी-५४ ची चिनी आवृत्ती. असाच एक रणगाडा पुढे वर्षानुवर्षं कुणी हलवलाच नाही, अशी कल्पना करून मी तो करायला घेतला.

आता गंज. नवशिके सगळ्या गाडीला एकसारखा केशरी रंग फासतात. त्यांनी घरातला विसरलेला तवा नीट पाहिलेला नसतो. केशरी असतो तो ताजा, कालपरवाचा गंज. जुना गंज चॉकलेटी, पुढे जवळजवळ काळा. शिवाय तो कुठेही येत नाही. जिथे रंग उडालाय, जिथे पाणी किंवा ओलसर माती साठते, तिथे आधी. खिडकीच्या ग्रिलखाली पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरतो ना, तो वर गडद आणि खाली विरळ होत जातो. मी तो ओघळ जिन्यात उभी राहून दहा-दहा मिनिटं बघितलाय. शेजारणीला वाटलं, सोसायटीच्या रंगकामाची तक्रार करणार बहुतेक! याहून चांगली शाळा म्हणजे गावाबाहेरच्या पोलीस ठाण्याचं आवार. जप्त केलेल्या गाड्या तिथे पावसात सडत असतात. काच गेलेली, टायर विरलेले, बॉनेटवर उन्हाने पिठूळ झालेला रंग आणि दारांच्या कडेला पोपडे.

रणगाड्याचं गणित थोडं वेगळं. वाळवंटात पाऊस नावालाच, त्यामुळे जाड पोलादी बुरुजावर गंज सावकाश येतो. रंग विटतो, पण टिकतो. पट्ट्यांना मुळात रंग राहतच नाही, घासून गेलेला असतो, ते सगळ्यांत आधी गंजतात. धुराड्याच्या तोंडाशी रंग उष्णतेने जळतो, तिथेही तसंच. टी-५९ मध्ये ते डाव्या बाजूला मागे असतं. चाकांवरचे पत्र्याचे मडगार्ड पातळ, त्यांना भोकं पडतात. आणि जो भाग वाळूत गाडला गेलाय, तिथे ओल धरून राहते, म्हणून तिथे गंज जास्त.

हे सगळं साधायचं कशानं? पार्लरमध्ये अंबाड्यावर फवारतात त्या हेअरस्प्रेनं! आधी गाडीला गंजाचे रंग द्यायचे, दोन-तीन छटांत, आणि चांगले पक्के वाळू द्यायचे. त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात. तो वाळला की वरून लष्करी रंग, अॅक्रिलिकचा. थोड्या वेळाने ओल्या ब्रशने हलकेच टोकरायचं. पाणी आत शिरून हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पोपड्यासारखा सुटून खालचा गंज डोकावतो. कुठे टोकरायचं आणि कुठे हात आवरायचा, इथेच खरी मेख आहे. ओघळांसाठी ऑइल पेंटमधला बर्न्ट सायना आणि रॉ अंबर, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या ब्रशने वरून खाली ओढायचा. घरात वास सुटतो. त्या दिवशी पोळ्या बाहेरून येतात.

इतकं सगळं मनासारखं जमत आलं होतं आणि आप्पा येऊन बसले. आप्पा म्हणजे माझे सासरे. सातारकडचे, सैन्यात ईएमईत होते. बिघडलेल्या, रुतलेल्या गाड्या ओढून आणायचं त्यांचं काम. १९७१ ला ते दुसऱ्या आघाडीवर होते. चष्मा वर करून त्यांनी रणगाडा बराच वेळ बघितला. मला वाटलं, शाबासकी येणार.

‘‘सूनबाई, ही गाडी जळल्याली हाय का सोडल्याली?’’

म्हटलं, ‘‘सोडलेली, आप्पा.’’

‘‘मंग झाकणं बंद कशी?’’

जळलेल्या गाडीची ओळख त्यांनी मला बोटाने दाखवत सांगितली. आतून आग लागली की वरचा रंग जातो आणि गाडी थोड्या दिवसांत सगळीकडून गंजते. चाकांवरचं रबर जळून जातं, म्हणून ती जमिनीला टेकल्यासारखी दिसते. आजूबाजूला राख. सोडलेल्या गाडीचं रबर शाबूत असतं, फक्त तडकलेलं. आणि झाकणं उघडी, कारण पळताना मागे वळून दार कुणी लावत नाही.

टी-५९ मध्ये चौघं असतात. कमांडर, गनर, तोफ भरणारा आणि ड्रायव्हर. बुरुजावर झाकणं दोन, ड्रायव्हरचं पुढे खाली वेगळं. मी दोन उघडली. आप्पा तरी बघतच होते.

‘‘नळी फिरव जरा.’’

‘‘का?’’

‘‘नळी बराब्बर त्येच्या डोक्यावर हाय. डायवर कसा निघंल?’’

मी म्हटलं, ‘‘आप्पा, तो शत्रूचा ड्रायव्हर आहे.’’

‘‘आसंल की,’’ ते म्हणाले, ‘‘त्योबी रातभर चालवतच आलाय.’’

मग वाळूवर काय पडलेलं असेल, याची चर्चा झाली. मी एक पाण्याची बाटली ठेवली होती. ती त्यांनी उचलून बाजूला केली. वाळवंटात पाणी कुणी टाकून जात नाही. मगा ठेव म्हणाले, चहाचा, पत्र्याचा. आणि एखादं पांघरूण, अर्धं गाडलेलं. वाऱ्याच्या बाजूने वाळूचा ढीग मी आधीच चढवला होता, त्यात रुईचं एक झुडूप आणि सेवण गवताचे चार झुबके लावलेत. रुईची पानं ट्रेसिंग पेपरची. बरी दिसतात.

नशिबाने बुरूज चिकटवलेला नव्हता. नळी उजवीकडे वळवली, ड्रायव्हरचं झाकण उघडलं, आत अंधार दिसावा म्हणून काळा रंग दिला. पण आता पंचाईत अशी, की बुरूज फिरला तसे त्याच्यावरून उतरणारे ओघळही फिरले. गाडीच्या अंगावर जिथे गंज काढला होता तिथे तो यायचं कारण नाही, आणि उजव्या मडगार्डवर यायला हवा, ते अजून कोरं आहे. शनिवारी पुन्हा हेअरस्प्रे. पोळ्या बाहेरून.