अमानतीचा हिशेब

माझे मोठे भाऊ वारले त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो. बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि शेजारी भाड्यानं दिलेले तीन गाळे. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी आज चाळिशीला आली आहे, पण समज सहा-सात वर्षांच्या पोरीची. हातात पैसे दिले तर गल्लीतल्या मुलांना वाटून मोकळी होते. ‘माझ्यामागे हिचं कसं होणार?’ हा एकच घोर भाईजानांना होता.

मृत्युपत्रानं तो सुटण्यासारखा नव्हता. मुस्लिम कायद्याप्रमाणे एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं देता येत नाही. त्यातून ती वारसालाच द्यायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणून वकिलाच्या सल्ल्यानं त्यांनी हयातीतच तीन गाळ्यांचा खाजगी ट्रस्ट केला. दस्त नोंदवला, भाडेपावत्या ट्रस्टच्या नावानं फाडायला सुरुवात केली. मुलगी आहे तोवर भाडं तिच्यासाठी, तिच्यानंतर गाळे दोघा भावांचे. विश्वस्त तिघे : ते स्वतः, मी आणि त्यांचे मित्र, एक निवृत्त मास्तर.

ट्रस्ट म्हटलं की लोकांना मशीद, देऊळ किंवा शाळा आठवते. त्या सार्वजनिक ट्रस्टांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. एका घरापुरता असलेला खाजगी ट्रस्ट चालतो १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यानं. हा वक्फही नव्हे. वक्फ कायमचा असतो, त्याचा कायदा वेगळा. आमच्यासारखा ट्रस्ट हेतू पुरा झाला की संपतो.

भाईजानांच्या चाळिसाव्याला जेवणं उरकल्यावर थोरल्या पुतण्यानं विषय काढला. ‘चाचा, घर, दुकान, गाळे, सगळ्याची वाटणी एकदमच करून टाकू.’ त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. बापाचं ते आपलं, एवढंच त्याला ठाऊक. घर आणि दुकान वारसांचं होतं. भाभींना आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला दोन वाटे तर मुलीला एक, अशी त्याची वाटणी झाली. त्यातही मुलीचा वाटा निघालाच. पण गाळे भाईजानांच्या मागे उरलेल्या मिळकतीत नव्हतेच. ते त्यांनी जिवंतपणी ट्रस्टला देऊन टाकले होते. एक विश्वस्त गेला तर मालमत्ता उरलेल्या विश्वस्तांकडे राहते. म्हणजे कागदावर मालक झालो मी आणि मास्तर. हक्क मात्र सगळा तिचा.

कोणी तुम्हाला विश्वस्त व्हा म्हणालं तर एक ध्यानात ठेवा. नाही म्हणायचं असेल तर आधीच म्हणा. एकदा जबाबदारी घेतली की मनाला येईल तेव्हा अंग काढून घेता येत नाही. दस्तात तशी सोय असावी लागते किंवा कोर्टाची परवानगी लागते. लाभ घेणारं माणूस सज्ञान आणि समजदार असेल तर त्याची संमती चालते. आमची पोरगी ती संमती कुठून देणार?

आम्ही पहिलं काम केलं ते दस्त पुन्हा अक्षर न् अक्षर वाचण्याचं. मग मृत्यूचा दाखला जोडून बँकेला, नगरपालिकेला आणि तिन्ही भाडेकरूंना लेखी कळवलं. गाळे, अनामत रकमा आणि थकबाकी यांची यादी करून दोघांनी सह्या केल्या. ट्रस्टचं पॅन कार्ड होतंच. विवरणपत्राचं काम सीएकडे दिलं.

एवढं करूनही मी चुकलोच. बँकेत नव्या सह्यांचं काम रेंगाळलं, म्हणून पाच महिने भाडं मी माझ्या बचत खात्यात भरलं. एक रुपया खर्चला नव्हता. मास्तरांनी पासबुक पाहिलं आणि चष्मा काढून म्हणाले, ‘कवी, कविता कुठल्याही वहीत लिहा. हे पैसे तुमच्या वहीत नकोत. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमची मुलं हे कोणाचे समजतील?’ मला राग आला. रात्री विचार केल्यावर त्यांचं पटलं. दुसऱ्या दिवशी पै न् पै व्याजासह ट्रस्टच्या खात्यात भरली.

कायदा हेच सांगतो. हिशेब स्वच्छ आणि अचूक हवा, मागितला तेव्हा दाखवता आला पाहिजे. सहविश्वस्तांनी मिळून काम करायचं, एकट्याच्या मर्जीनं नाही. दस्तात तरतूद नसेल तर मेहनताना नाही, रास्त खर्च तेवढा घ्यावा. ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करायचा नाही. विश्वस्ताच्या कसुरीनं नुकसान झालं तर ते त्यानं स्वतः भरून द्यायचं.

खरी परीक्षा दोन वर्षांनी झाली. धाकट्या पुतण्याचा धंदा बसला. ‘चाचा, ट्रस्टमधून दोन लाख उसने द्या. शेवटी गाळे आमचेच होणार आहेत ना?’ घरात माणसं बसलेली, भाभींचे डोळे भरलेले. मी म्हटलं, ‘बेटा, हे पैसे माझे असते तर आत्ता दिले असते. ते तुझ्या बहिणीचे आहेत, आणि तिला नाही म्हणता येत नाही. म्हणून तिच्या वतीनं मी नाही म्हणतो.’ सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. पुढे तिच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्याच खात्यातून दवाखान्याचं बिल भरलं. बिलाची पावती त्याच्याच हातानं माझ्याकडे आली. तेव्हापासून तो बोलतो.

आणखी एक. विश्वस्त पैसा सांभाळतो, माणसाचा पालक वेगळा. बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. भाभींनी तो घेतला आहे.

आता मास्तर थकले आहेत आणि माझंही वय होत चाललंय. दस्तात नवा विश्वस्त नेमायचा अधिकार आम्हाला दिलेला आहे, म्हणून माझ्या लेकीला तयार करतो आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला ती माझ्याशेजारी बसून जमाखर्च लिहिते. वर्षअखेरीला आम्ही तो हिशेब दोघा पुतण्यांसमोर वाचतो. सुरुवातीला त्यांना तो अपमान वाटायचा, मलाही थोडा वाटायचा. आता कळतं, घरच्या माणसांत हिशेब मांडल्यानं माया आटत नाही. न मांडलेल्या हिशेबानंच ती आटते.

आमची पोरगी या बैठकीला हजर असते. तिला आकडे कळत नाहीत. वाचून झालं की वही बंद करायचं काम तिचं, ते ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही.