टाकीतला दादा आणि बाटलीतला पाहुणा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला निळा डॅमसेल नव्या माशांना जगू देत नाही, काय करावं, असं एका वाचकाने विचारलं आहे. दुकानातल्या तक्त्यात माशांचे ‘शांत’, ‘मध्यम’, ‘आक्रमक’ असे तीन रकाने असतात. त्या तक्त्यावर माझा फारसा विश्वास नाही. मासा किती भांडेल, हे समोर कोण आलंय आणि किती जवळ आलंय यावर बरंचसं ठरतं.

प्रवाळातल्या माशांच्या मारामारीचा विषय निघाला की कोनराड लॉरेन्झ यांचं नाव हमखास येतं. रंगीत मासे मुख्यतः स्वजातीयांवरच तुटून पडतात, हे त्यांनी १९६३च्या आपल्या पुस्तकात रंगवून सांगितलं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण टाकी पाळणाऱ्यांच्या खऱ्या उपयोगाचं काम आर्थर मायरबर्ग आणि रोनाल्ड थ्रेशर यांचं. त्यांचा शोधनिबंध १९७४चा. इतका सुंदर प्रयोग, आणि त्यांची नावं किती थोड्यांना ठाऊक!

त्यांचा मासा म्हणजे कॅरिबियन समुद्रातला तीन ठिपक्यांचा डॅमसेल. हा अक्षरशः शेतकरी आहे. प्रवाळावर शेवाळाचा तुकडा राखतो आणि बांधावर उभ्या शेतकऱ्यासारखा येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवतो. संशोधकांनी वेगवेगळे मासे पारदर्शक बाटलीत घातले, बाटली हळूहळू त्याच्या हद्दीकडे सरकवली आणि तो कुठल्या अंतरावर चाल करून येतो ते मोजलं. स्वजातीयावर तो सर्वांत दुरून धावला. इतरांपैकी काहींना बरंच जवळ येऊ दिलं. म्हणजे हद्द एक नव्हतीच; पाहुण्यागणिक ती लहानमोठी होत होती.

आता चार फुटी टाकी डोळ्यांसमोर आणा. इथे कुठलाही कोपरा गाठला तरी पाहुणा त्या हद्दीच्या आतच. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत तो वरच्या कोपऱ्यात पंपामागे अंग चोरून राहतो, शेपटीच्या कडा फाटतात, खाणं सुटतं. त्यात आपणच भर घालतो. डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून नव्या टाकीचं पाणी मुरवायला पहिला तोच सोडतात. दुसरा मासा येईपर्यंत सगळे दगड त्याच्या मालकीचे झालेले असतात. पाणी मुरवायला मासा लागतच नाही. अमोनिया आणि जिवाणूंवर ते काम होतं. डॅमसेल सगळ्यांच्या शेवटी सोडावा.

आधीच सोडला असेल तर नवा मासा भोकं पाडलेल्या पारदर्शक अॅक्रिलिकच्या डब्यात घालून डबा टाकीत टांगा. मायरबर्ग यांची बाटलीच ही! डॅमसेल डब्यावर धडका मारतो, पण पाहुण्याला इजा होत नाही. धडका अगदी तुरळक होईपर्यंत, मग त्याला कितीही दिवस लागोत, डबा उघडू नका. सोडण्याआधी दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्या खुणा पुसल्या जातात आणि दोघांनाही जागा नव्याने शोधावी लागते. नजरेआड होता येईल अशा कपारी ठेवा. नवे मासे दोन-तीन एकदम सोडले तर मार एकट्यावर पडत नाही.

पाहुणा त्याच जातीचा किंवा त्याच रंगारूपाचा असेल, तर मात्र लहान टाकीत यातलं काहीच फारसं चालत नाही. अशा वेळी दोघांपैकी एकाला दुसरी टाकी द्या.