साहेबाचा त्रास अंगात मुरू देऊ नका

कामावरचा साहेब, मुकादम, शेठ किंवा घरकामाची मॅडम तिरसट निघाली की तो त्रास पाळी संपली तरी संपत नाही. रात्री झोप लागत नाही. सकाळी निघताना पोटात गोळा येतो, डोके ठणकते, आंबट ढेकर येतात. घरी मुलांवर उगाच ओरडणे होते, कोणी दारूकडे वळतो. आपल्या वस्तीत सफाई, वॉचमन, हाऊसकीपिंग, पॅकिंग, घरकाम करणारे घरोघरी आहेत. म्हणून आरोग्याच्या या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

कोणी अंगावर ओरडले की शरीराला वाटते, संकट आले. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, मान-खांदे आखडतात. कधीतरी घडले तर थोड्या वेळाने सारे शांत होते. रोज घडले तर शरीराला उसंत मिळत नाही. मग झोप मोडते, पित्त वाढते, आधीपासून रक्तदाब किंवा साखर असेल तर ती आटोक्यात राहत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्या. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो 140/90 किंवा त्याहून वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. सुरू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. साहेब रागावेल म्हणून पाणी न पिणे, लघवी दाबून धरणे हेही सोडा. त्याने लघवीला जळजळ होते, ताप येतो.

उपाय करण्याआधी त्रास कसला आहे ते ओळखा.

साहेब नुसता तापट असेल तर तेव्हाच उलट बोलू नका. तीन-चार वेळा सावकाश श्वास सोडा. तो शांत झाल्यावर एकट्याला गाठून सांगा, "साहेब, काम चुकलं तर सांगा, मी नीट करीन. पण सगळ्यांसमोर ओरडू नका." एकदम चार कामे सांगितली तर विचारा, "आधी कोणतं करू?" रागाच्या भरात काम सोडू नका. दुसरे काम आधी बघून ठेवा.

साहेब खोटा खाडा लावत असेल, पगार कापत असेल, जादा काम फुकट करून घेत असेल, तर गोड बोलून भागणार नाही. एका वहीत तारीख, आल्या-गेल्याची वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहा. मोबाईलवरचे निरोप पुसू नका. चौघे-पाच जण मिळून बोला. ऐकले नाही तर युनियन किंवा कामगार आयुक्तांचे कार्यालय गाठा. कारखान्यात आठवड्याला 48 तासांवर काम झाले तर त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामाचे तास, पगारी रजा, किमान वेतन हे प्रश्न त्यांनी तेव्हा सरकारदरबारी लावून धरले. आपला हक्क मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

कोणी चारचौघांत जात काढून अपमान केला तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. जातीचा दाखला हाताशी ठेवा. मदतीसाठी 14566 हा मोफत क्रमांक आहे. बाईला नको तिथे हात लावला, घाणेरडे बोलले, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावी. घरकाम करणाऱ्या बायांनाही हा कायदा लागू आहे. असला त्रास सोसत राहू नका आणि एकट्याने लढूही नका.

घरच्यांनाही आमचे सांगणे आहे. कामावरून आलेल्या माणसाला हातपाय धुऊ द्या, चहा द्या, मग विचारा. "तूच काहीतरी केलं असशील" असे म्हणू नका. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी 14416 वर फोन करा. ही सरकारी टेलिमानस सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते.

घर चालायला पगार हवा, तसा तो आणणारा माणूसही धडधाकट हवा.