सायलेन्सर आणि ट्रॉम्बेचे पेट्रोल

मोटारीच्या मागील नळीला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो. परंतु आवाज कमी करणे हे धूर बाहेर टाकणाऱ्या व्यवस्थेचे केवळ एक काम आहे.

पेट्रोल म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. ते पूर्ण जळाले तर कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. पण इंजिनात ज्वलनाला सेकंदाचा अत्यल्प भाग मिळतो. त्यामुळे थोडे पेट्रोल न जळता राहते आणि थोड्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. शिवाय प्रखर उष्णतेने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होतो. हे सर्व पदार्थ घातक. कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातील ऑक्सिजनची जागाच बळकावतो. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते.

हे वायू प्रथम उत्प्रेरकाच्या पेटीत शिरतात. तीत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा ठोकळा असतो. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. त्याच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, उरलेले पेट्रोल जळते आणि नायट्रोजन ऑक्साइडांपासून नायट्रोजन मोकळा होतो. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही. मात्र पेटी सुमारे ३०० अंश सेल्सियस तापेपर्यंत हे काम नीट होत नाही. पुढे सायलेन्सरच्या कप्प्यांत ध्वनिलहरी परावर्तित होऊन एकमेकींना क्षीण करतात.

या पेटीचा शत्रू म्हणजे शिसे. इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळावे, हा शोध अमेरिकेत १९२१ साली लागला. परंतु धुरातील शिसे उत्प्रेरकावर साचून त्याला निकामी करते; मुलांच्या मेंदूलाही ते अपाय करते.

म्हणून १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना ही पेटी सक्तीची झाली व शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. अशा रीतीने मोटारीच्या नळीचा प्रश्न थेट तेलशुद्धीकरण कारखान्यांपर्यंत पोहोचला. मुंबईत असे दोन कारखाने ट्रॉम्बे परिसरातील माहूल येथे १९५४ व १९५५ पासून उभे आहेत. शिसे वगळायचे तर पेट्रोलच्या रेणूंची रचनाच कारखान्यात बदलावी लागते. १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले.

कार्बन डायऑक्साइड मात्र ही पेटी थोपवू शकत नाही. पेट्रोल जळाले की तो निघणारच. थंडीच्या सकाळी नुकत्याच सुरू केलेल्या मोटारीच्या नळीतून पाणी ठिबकताना दिसेल. ते कोठून आले, हे आता तुम्हीच सांगा!