जुन्या पद्मिनीला नवी बॅटरी: मोठी नको, मापाची घ्या

घरासमोर ताडपत्रीखाली आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे, महिन्यातून एकदा बाहेर निघते आणि दर वेळी सेल्फ मारला की नुसता "कट्" आवाज येतो. मग चार जणांना बोलावून धक्का स्टार्ट. आमच्या नळदुर्गसारख्या गावात हे दृश्य नवीन नाही. बॅटरी संपली म्हणून आपण दुकानात जातो, दुकानदार विचारतो, "कुठली देऊ?" आणि आपण म्हणतो, "चांगल्यातली द्या, जरा मोठीच द्या."

गडबड इथेच होते. जुन्या गाडीला सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात महाग बॅटरी लागत नाही. जी बॅटरी ती गाडी पूर्ण चार्ज करू शकते, तीच तिला लागते. हे एकदा समजलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी गाडीची ओळख

पद्मिनीचं आपल्या भागाशी नातं आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी सुरू केली. वालचंद मूळचे सोलापूरचे, म्हणजे नळदुर्गपासून पन्नासेक किलोमीटरवरचे. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली ही गाडी पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता ज्या उरल्यात, त्या घरच्या आणि हौसेच्या.

अशा गाडीचं १०८९ सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन असतं. त्याला प्रचंड बॅटरीची गरज नाही.

फोनचा नियम इथे उलटा

आपल्याला बॅटरी म्हटलं की फोन आठवतो. ५००० एमएएचचा फोन घ्या. ३.८५ व्होल्टने गुणलं तर साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा झाली. गाडीची १२ व्होल्ट, ३५ एएचची बॅटरी म्हणजे ४२० वॅट-अवर. म्हणजे जवळपास २२ फोन एका डब्यात.

पण खरा फरक आकड्याचा नाही, स्वभावाचा आहे. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिला २० ते ८० टक्क्यांत ठेवलेलं आवडतं, कायम १०० वर ठेवलं तर ती लवकर थकते. गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि तिचं बरोबर उलट आहे. तिला कायम फुल्ल राहायला आवडतं. अर्धवट चार्जवर पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे तयार होतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, आठवडे गेले की घट्ट होतात आणि मग निघत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद. यालाच सल्फेशन म्हणतात. उभ्या गाडीच्या बॅटऱ्या बहुतेक वेळा यानेच मरतात.

बॅटरी नक्की कुठे खर्च होते?

सगळ्यांना वाटतं, सेल्फ मारल्यावर बॅटरी उतरते. हिशोब करून बघू. छोट्या पेट्रोल इंजिनचा स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो असं धरा. तीन सेकंद सेल्फ मारला तर खर्च ०.१२५ एएच. ३५ एएचच्या बॅटरीत हे काहीच नाही.

आता दुसरा हिशोब. कुणीतरी नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम गाडी बंद असतानाही ५० मिलीअँपिअर ओढतोय. फोनमधल्या बॅकग्राउंड अ‍ॅपसारखं. दिवसाला १.२ एएच, पंधरा दिवसांत १८ एएच. म्हणजे अर्धी बॅटरी गेली आणि गाडी जागची हलली पण नाही! त्यात बॅटरी स्वतःहूनही महिन्याला साधारण ५ टक्के उतरते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त.

मग रविवारी गाडी काढून जवळच्या अणदूरपर्यंत चक्कर मारली तर भरून निघेल का? थोडीशी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटकन चढते, पण शेवटचे २० टक्के भरायला काही तास लागतात. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत ती कधीच फुल्ल होत नाही.

डायनॅमो की अल्टरनेटर?

बॅटरी निवडण्याआधी बॉनेट उघडून हे नक्की बघा. जुन्या फियाटना डायनॅमो असायचा, नंतरच्या पद्मिनींना अल्टरनेटर आला. बऱ्याच गाड्यांत मालकांनी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून घेतलाय.

डायनॅमो इंजिन आयडलवर असताना जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. रात्री हेडलाइट लावून गर्दीत उभं राहिलात की बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत जाते. अल्टरनेटर आयडललाही बऱ्यापैकी करंट देतो.

आता ३५ च्या जागी ६५ एएचची बॅटरी टाकली तर? मोठी बॅटरी गाडीत "जास्त करंट घुसवून" काही जाळत नाही, तो गैरसमज आहे. गाडी लागेल तेवढाच करंट ओढते. पण ती ६५ एएचची बॅटरी एकदा उतरली, की म्हाताऱ्या डायनॅमोला ती भरायला ताकद पुरत नाही. ती कायम अर्धवट राहते आणि पुन्हा सल्फेशन. जास्त पैसे देऊन कमी आयुष्य. पेट्रोल पद्मिनीला साधारण ३५ ते ४५ एएच पुरते. डिझेल गाडीचं गणित वेगळं: कॉम्प्रेशन जास्त, हीटर प्लग वेगळे, त्यामुळे तिथे मोठीच लागते.

कुठल्या प्रकारची घ्यायची?

*पाणी टाकायची साधी बॅटरी:* डायनॅमो आणि जुना मेकॅनिकल रेग्युलेटर असेल तर हीच. तो रेग्युलेटर कधीकधी व्होल्टेज जास्त सोडतो, पाणी उडतं, पण झाकण उघडून पुन्हा भरता येतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या पाण्यातले क्षार प्लेटांची वाट लावतात. आरओचंही नको.

*मेंटेनन्स-फ्री सीलबंद बॅटरी:* अल्टरनेटर असेल आणि चार्जिंग व्होल्टेज नीट असेल तर उत्तम. पण ओव्हरचार्ज झाली तर उडालेलं पाणी परत टाकता येत नाही.

*एजीएम बॅटरी:* चांगली असते, पण महाग आणि ओव्हरचार्जला नाजूक. बॉनेटखालच्या उष्णतेत आणि जुन्या रेग्युलेटरबरोबर पैसे वसूल होत नाहीत.

*लिथियम बॅटरी:* वजनाला हलकी, दिसायला भारी. पण तिची चार्जिंगची रीत वेगळी, किंमत कितीतरी पट. जुन्या डायनॅमोच्या गाडीत नकोच.

दुकानात जाण्याआधी

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा:

- १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त: फुल्ल
- १२.४: साधारण पाऊण
- १२.२: अर्धी
- १२.० च्या खाली: जवळजवळ रिकामी

मग सेल्फ मारताना बघा. फुल्ल चार्ज बॅटरीचं व्होल्टेज ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरी थकली. शेवटी इंजिन जरा रेस करून मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं पाहिजे. ते १२.५ वरच अडकलं असेल तर दोष चार्जिंगचा आहे. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी ती पण काही महिन्यांत जाईल. आधी डायनॅमो, कटआउट आणि बेल्ट बघून घ्या.

दुकानात काय तपासायचं?

माप. लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून न्या. ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे आणि बॉनेट टर्मिनलला लागता कामा नये. सैल बॅटरी खड्ड्यांत हादरून आतून तुटते.

टर्मिनलची बाजू. ३८बी२०एल असा कोड दिसेल. त्यात २० म्हणजे साधारण सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते सांगतं. ते पाठ करण्यापेक्षा जुन्या बॅटरीचा फोनवर फोटो काढून न्या. बाजू उलटी आली तर वायर पुरत नाहीत.

अर्थिंग. फियाट-पद्मिनीत निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते. १९६० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या कित्येक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असते, आणि युद्धकाळातली विलीज जीप तर ६ व्होल्टवर चालायची. दुसरी कुठली जुनी गाडी असेल तर हे आधी बघा.

तारीख. बॅटरी कधी बनली ते विचारा. तीन महिन्यांपेक्षा जुनी नको, ती दुकानात पडून उतरत असते.

वॉरंटी. "२४ अधिक २४" म्हणजे सरसकट चार वर्षं नव्हे. पहिले २४ महिने फुकट बदलून मिळते, नंतरच्या २४ मध्ये फक्त नव्या बॅटरीवर सूट. कार्डावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका.

जुनी बॅटरी. दुकानातच परत द्या, त्याचे पैसे कमी होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत रिसायकलिंगलाच गेली पाहिजे. भंगारवाल्याने अ‍ॅसिड नाल्यात ओतलं तर शिसं जमिनीत आणि विहिरीत जातं.

बसवल्यानंतर

काढताना बॉडीला जोडलेली वायर आधी काढा, जोडताना ती सगळ्यात शेवटी. चार्जिंग करताना हायड्रोजन गॅस सुटतो, म्हणून जवळ काडी-सिगारेट नको, आणि जागा हवेशीर असावी.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॉडीची वायर काढून ठेवा, किंवा ऑटोमॅटिक कट-ऑफ असलेला छोटा चार्जर घ्या. महिन्यातून एक रात्र त्याला लावली तरी बॅटरी फुल्ल राहते. आणि गाडी काढलीच तर कोपऱ्यापर्यंत नको, सरळ सोलापूरपर्यंत जाऊन या. तेवढ्या रस्त्यात बॅटरीला भरायला वेळ मिळतो, इंजिनही नीट गरम होतं, आणि आजोबांना पुढच्या सीटवर बसायला मिळतं.